गोळी लागल्याची टिंग

आमच्या ह्यांचं, म्हणजे पंजाबरावांचं, मोटरा भरायचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती घेऊन येतात. हे जळालेली तार काढून नवी भरतात, वार्निश देऊन वाळवतात. पण खरं पाहण्यासारखं काम त्यानंतरचं. मोटर चालू करायची, पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेरिंग ठीक आहे की घासतं आहे, ते ह्यांना तेवढ्यात कळतं. तेहेतीस वर्षं झाली. मूर्तिजापूरकडचे लोकसुद्धा येतात, ते ह्या कानासाठी.

बोलणं मात्र ह्यांना जमत नाही, आणि आमची एकुलती एक दीपमाला त्यांच्यावरच गेली. ती अमरावतीला सरकारी कार्यालयात आहे. मंजुषा नावाच्या मैत्रिणीसोबत खोली करून राहते. बापलेकीचा फोन असा असायचा:

"जेवली काय?"

"हो. तुमी?"

"हो. घे, आईसोबत बोल."

मागच्या बुद्धपौर्णिमेला ती चार दिवस आली, तेव्हा तिनं ह्यांच्या मोबाईलमध्ये तो बंदुकीचा खेळ टाकला. त्यात लांबलांबची माणसं एकाच वेळी खेळतात, टोळी करतात, इयरफोन लावून एकमेकांशी बोलतात. ती परत गेल्यावर रोज आठला ती तिकडून आणि हे इकडून सोबत खेळू लागले. मला ते अजिबात आवडलं नाही. आमच्याकडे रोज सातला वंदना होते. मी म्हटलं, "अजी, सातले 'पाणातिपाता वेरमणी' म्हणता न् आठले माणसं मारता?"

"अवं, चित्रं हायेत ते. न् मी कोठी मारतो? मलेच मारतात सारे."

तेही खरंच होतं. पण पुढे पुढे मी काही बोलेनाशी झाले. पोळ्या लाटताना मला ह्यांच्याकडचं तेवढं बोलणं ऐकू यायचं. "ते बाभूळ नाई, कडुनिंब हाय, पानं पाह्य न नीट." मधेच, "तुही साहेबीण आज पुन्हा चिडली काय?" आणि मग हसणं. सव्वीस वर्षांत बापलेक जेवढं बोलले नव्हते, तेवढं दोन महिन्यांत बोलले.

त्या खेळात आपली गोळी कोणाला लागली की टिंग वाजते. स्टीलच्या वाटीच्या काठावर खिळा मारावा तशी, बारीक आणि टोचणारी. गोळ्या भराभर सुटल्या की टिंग-टिंग-टिंग. हे इयरफोन काढून डावा कान दाबत बसू लागले. "खेळ बंद केला तरी आत वाजूनच राहिली," म्हणायचे. अंगणात गेले तरी वाजते, दुकानातही वाजते.

मग केशवरावांची मोटर परत आली. ते जुनं गिऱ्हाईक. ह्यांनी मोटर ऐकून ठीक सांगितली होती, आठव्या दिवशी बेरिंग जाम. केशवराव हसतच म्हणाले, "पंजाबराव, तुमचा कान सांगते म्हणून मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाई. ह्या खेपेले कान गावाले गेला होता काय?"

ह्यांनी त्यांना चहा पाजला, नवं बेरिंग टाकून दिलं. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानाची नस कमजोर झाली आहे. ते तेहेतीस वर्षांच्या मोटरांचं आहे, खेळाचं नाही. पण आता टोचणारे आवाज टाळा, इयरफोन तर लावूच नका, म्हणजे उरलं आहे ते टिकेल. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "दीपमालाले सांगू नको."

"काहून?"

"खेळ बंद करायले लावन पोरगी. मंग आमी काय बोलावं?"

आणि त्यांनी स्वतःच उपाय केला. खेळाच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या चार-पाच पट्ट्या होत्या, सगळं इंग्रजी. ह्यांनी सगळ्या ओढून शून्यावर आणल्या. टिंग गेली. सोबत पावलांचा आवाज गेला, बंदुका गेल्या आणि दीपमालाचं बोलणंही गेलं. कोणती पट्टी परत वर करायची ते कळेना, आणि विचारायचं तर कान सांगावा लागणार. तीन दिवस हे तसेच मुक्यानं खेळले. मीही पाहत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला. "आई, बाबा माह्यावर रागावले काय? मी एवढी बोलून राहिली, न् ते हूं की चूं करत नाईत. नसन खेळायचं तर सांगा म्हणा तसं."

'काही नाही माय, दुकानात काम आहे' असं ओठावर आलं होतं. पण संध्याकाळी मूर्तीपुढे बसून 'मुसावादा वेरमणी' म्हणायचं आणि दुपारी लेकीशी खोटं बोलायचं, हे माझ्यानं होईना. ह्यांचा शब्द मोडला आणि तिला सगळं सांगितलं.

आठला तिनं साधा फोन केला. मी तो मोठ्यानं लावून ह्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, मले काहून नाई सांगतलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तू खेळ बंद केला असता," हे म्हणाले.

"मी काहून बंद करीन? पाच वाजल्यापासून घड्याळ पाहत राह्यते मी इकडे."

हे चष्मा पुसू लागले. तिकडून मंजुषाचा आवाज आला, "काका, ते टिंग आवाजाच्या पानात भेटतच नाई. बंदुकीच्या नेमाचं पान असते, तिथी सगळ्यात खाली तिचं येगळं बटन हाय."

मंजुषा सांगत गेली आणि मी भाजीची कृती लिहावी तसं वहीत उतरवत गेले: दातेरी चाक, मग बंदुकीचं चित्र, खाली सरकत जा, शेवटचं बटण डावीकडे. बाकीच्या पट्ट्या पुन्हा मध्यावर. इयरफोन मी कपाटात ठेवून दिले. आता खेळ भिंतीशी टेकवलेल्या मोबाईलवर उघड्यानं चालतो, आवाज हळू.

दुकानात हे पेचकसाची मूठ उजव्या कानाला लावतात. तो कान अजून शिकतो आहे, म्हणून प्रत्येक मोटर दोनदा ऐकतात, आणि शंका आली तर "आज नेऊ नका, उद्या सांगतो" म्हणतात. केशवरावांनाही तसंच म्हणाले. ते थांबले.

टिंग गेल्यावर नवी अडचण आली. गोळी लागल्याची पडद्यावर पांढरी फुली उमटते, पण ती एवढी बारीक की ह्यांच्या चष्म्यातून दिसत नाही. लागली की नाही कळणार कसं? मग ते काम दीपमालानं घेतलं.

"लागली."

"आता?"

"लागली, बाबा."

मग ह्यांनी भराभर गोळ्या झाडल्या.

"काहून चूप झाली?"

"लागूनच नाई राहिली तर काय सांगू?"

"नाई लागली तरी सांगत जाय."

"बरं. नाई लागली. नाई लागली. भिंतीले लागली. बाबा, ऑफिसात बदल्यांची यादी लागन म्हणतात ह्या महिन्यात, माह्यं नाव असू शकते."

"कोठी?"

"लपा आधी, डावीकडून येऊन राहिला कोणी."

"येऊ दे त्याले," हे म्हणाले. "कोठी होणार बदली, ते सांग."