इनुतेकचा पहिला हॅलिबट

तुकुम्मेकचा तोरा अख्ख्या वस्तीला ठाऊक. नवरा गेल्यावर कुत्र्यांची गाडी तिनं एकटीनं हाकली, बर्फाला भोक पाडून गळाचा दोर सोडला आणि हॅलिबट मासे मारून चार पोरं वाढवली. "कुणाच्या दारात गेले नाही!" हे ती कॉफीच्या प्रत्येक कपासोबत ऐकवायची. ऐकवू दे की, खोटं थोडंच होतं?

पण त्या दिवशीचा तोरा काही औरच. तिच्या नातीनं, इनुतेकनं, पहिला मासा धरला होता. नातीला तुकुम्मेकच्या मेलेल्या वडिलांचं नाव दिलेलं, म्हणून आजी नातीला 'बाबा' म्हणायची आणि ती नऊ वर्षांची चिमुरडी आजीला 'पोरी'. रीत अशी, की पहिला मासा सगळ्यांना वाटायचा, धरणाऱ्यानं स्वतः घासही घ्यायचा नाही. तो मासा नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं.

नेमकं गेल्याच आठवड्यात बाहेरून आलेल्या तपासणीवाल्यांनी शाळेत सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की आपल्या खाडीतल्या माशांच्या पोटात प्लास्टिक निघतंय. जगाच्या या टोकाला, जिथं दुकान एकच, तिथं! तेव्हापासून लोक ताटातला तुकडा उलटसुलट करून बघत होते. आज कुणी हात मागं घेतला तर बाबांची अब्रू ती काय राहील, याचीच तुकुम्मेकला धास्ती होती.

घर माणसांनी भरलं. जमिनीवर पुठ्ठा अंथरून तिनं अर्धगोल सुरी चालवली. पोट उघडलं आणि आत प्लास्टिकचा निळा धागा. भुवईच्या केसाएवढा. तिनं झटकन त्यावर अंगठा ठेवला.

"काय दाबतेस गं?" शेजारीण आमालियानं विचारलं. दोघींचं तरुणपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य.

"कुठं काय! खवला आहे."

"पोरी," इनुतेक म्हणाली, "अंगठा काढ."

सगळे खो-खो हसले. पण बापानं दटावल्यासारखी तुकुम्मेक खाली मान घालून बसली. अंगठा काढला.

इनुतेकनं धागा बोटावर घेतला आणि सगळ्यांपुढे धरला. "हा होता पोटात. आपल्या गळाच्या दोरासारखा निळा. ज्याला भीती वाटते त्यानं नाही खाल्लं तरी चालेल. मी रागावणार नाही." नजर मात्र तिनं माशावरून हलवली नाही.

मग आमालियाच पुढं सरकली.

"तुझा म्हातारा बाप अगदी अस्साच होता. हातची शिकार निसटली तरी घरोघरी जाऊन सांगायचा! बाई गं, समुद्रात काय काय मिसळलंय देव जाणे, मलाही धाकधूक आहे. पण इनुतेकच्या हातचं मी परत पाठवणार नाही. आण तो तुकडा." तिनं कच्चाच चावला. मग एकेक ताट पुढं आलं. मासा संपला, डोकं तेवढं उरलं.

'कुणाच्या दारात गेले नाही' हे आता मागं पडलंय. तुकुम्मेक कॉफी ओतते आणि ऐकवते, "माझ्या बाबांनी मला सगळ्यांदेखत झापलं!"