तीन नंबरचं चाक

मी हे घाबरून नाही, चिडून लिहितेय. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हापासून आमच्या घरात नवस, उतारा, लिंबू-मिरची असलं काही चालत नाही. मी स्वतः वाळूजला एका कारखान्यात गिअरबॉक्स जोडणीवर अठरा वर्षं काढलीत. चाक का फिरतं हे मला कळतं... असं मला वाटायचं.

दर रविवारी मी उस्मानपुऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मुलींच्या रोबोटिक्स टीमला शिकवायला जाते. स्पर्धेच्या रोबोटला चार कोपऱ्यांत चार स्वर्व्ह मॉड्यूल असतात. प्रत्येकात एक मोटर चाक पळवते, दुसरी ते चाक जागेवर वळवते, म्हणून रोबोट आडवा-तिरपा कसाही धावतो. मॉड्यूल निवडतानाच हेडसरांशी माझं वाजलं होतं. त्यांना सगळ्यात वेगवान हवं होतं. मी म्हटलं, "सर, वेग थोडा कमी चालेल, पण गिअर झाकलेले हवेत. पोरींचे हात आत जाणार आहेत." शेवटी माझं ऐकलं, पण ते त्यांच्या मनात राहिलं.

स्पर्धा कार्पेटवर होते, म्हणून सरावासाठी आम्ही छावणी भागातल्या मंडपवाल्याकडून जुनं कार्पेट आणलं होतं. त्याचे धागे चाकाच्या आसाला गुंडाळायचे. ते चिमट्यानं काढायचं काम प्रज्ञाचं. अकरावीतली, गंगापूरची पोरगी, इथं मावशीकडं राहते. हात इतका नाजूक की माझ्या लाईनवरचे फिटर लाजतील.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला रोबोट दोन लोखंडी स्टुलांवर चढवला होता, चारी चाकं हवेत. बॅटरी काढून अर्धा तास झाला होता आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्यासमोर चार्जरवर होती. प्रज्ञानं तीन नंबरच्या चाकाखालून हात घातला.

"मॅडम... हे फिरतंय!"

मी वळून पाहिलं. तिनं हात बाहेर ओढला होता. चाक सावकाश, गिअरचा कटकट आवाज करत, जागेवर वळत होतं. पाव फेरा झाला आणि थांबलं. बाकीची तिन्ही गप्प. प्रोग्रामिंग करणारी फरहीन माझ्याजवळच उभी होती, ती पुटपुटली, "मॅडम, बॅटरी तो यहाँ है."

कुणी पुढं काही बोलायच्या आत त्या बाजूच्या स्टुलाचा पाय वेल्डिंगमधून सुटला. पन्नासेक किलोचा रोबोट त्या कोपऱ्यावर आदळला. चाकाखालच्या फरशीचे तुकडे झाले. त्याच जागी, दोन श्वासांपूर्वी, त्या पोरीची बोटं होती.

प्रज्ञा रडली नाही, नुसती स्वतःच्या बोटांकडं बघत बसली.

आता संतापाची गोष्ट. हेडसर त्या दिवशी कॉलेजात नव्हतेच. तरी सोमवारी त्यांचा अहवाल तयार होता — विद्यार्थिनीनं बॅटरी न काढता हात घातला, तिला टीममधून कमी करावं, लेखी माफी घ्यावी. तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले, ऑफिसात बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"पोरीची चुकी असंल तर सांगा सर, मी सोता माफी मागतो. चुकी नसंल तर माफी कशाची?"

माझ्यासोबत आलेल्या फरहीननं लॅपटॉप उघडून रोबोटचा लॉग दाखवला. घटनेच्या अर्धा तास आधी वीज तुटल्याची नोंद स्पष्ट होती. सरांनी ती वाचली आणि काय म्हणावं? "मग चाक फिरलंच नसेल. भास झाला असेल तुम्हाला."

"आम्हा तिघींना? एकाच वेळी?" माझा आवाज चढला. "काल तुम्ही लिहिलंत, बॅटरी जोडलेली होती म्हणून चाक फिरलं. आज म्हणता, बॅटरी नव्हती म्हणून फिरलं नाही. पण दोष दोन्हीकडून पोरीचाच?"

बाजूला बसलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "मशीनची पूजा राहिली असेल." मी त्यांच्यावरही उखडले. एकाला पोरीला खोटं पाडायचं, दुसरीला नारळ फोडायचा. 'कळलं नाही' एवढे दोन शब्द म्हणायला कुणाची जीभ वळेना!

माफीनामा मी लिहू दिला नाही. प्रज्ञा टीममध्ये राहिली. नवा अहवाल मात्र एका ओळीचा झाला — स्टूल तुटलं. चाकाचा उल्लेख नाही. त्यावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही.

मॉड्यूल मी स्वतः खोललं. गिअरचे दात शाबूत, बेअरिंग गुळगुळीत, वायर कुठं कापलेली नाही. स्टूल वाकताना धक्का बसला म्हणावं तर रोबोट तसाच उचलून पन्नास वेळा तिरपा केला, हलवला. चाक वळलं नाही. हातानं जोर लावल्याशिवाय ते वळतच नाही.

परवा प्रज्ञा तेच चाक साफ करत होती, आता लाकडी ठोकळ्यांवर. हात घालायच्या आधी ती थोडी थांबली, चाकाकडं बघत.

"काय गं?"

"काय नाय मॅडम. त्या दिवशी ते कसं वळलं, तुम्हाला कळलं का?"

अठरा वर्षं गिअर जोडलेत मी. तिच्याशेजारी खाली बसले आणि म्हटलं, "नाही गं. नाही कळलं."

तिनं मान हलवली आणि चिमटा आत घातला.