दाजींचं फिक्स्चर, रेव्हिजन सहा

माझी बहीण दोन वर्षं उभ्यानं जेवली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी माझ्या दाजींची जी टिंगल करणार आहे ती कुणाला जास्त वाटणार नाही. मला विचाराल तर ती कमीच आहे.

दाजी म्हणजे उद्धवराव, आमच्या कौशल्याअक्काचे यजमान. राहणार कुरुळी. जमीन होती तोवर शेतकरी, आता उरलाय तो एक बांध, आणि गेली एकतीस वर्षं चाकणकडच्या एका कंपनीत टूलरूमला. तिथं ते फिक्स्चर करतात. मशीनवर एखादा पार्ट घडवायचा तर तो जागचा हलता कामा नये, म्हणून त्याला धरून ठेवणारी जी चौकट असते ते फिक्स्चर. पार्ट दुसरंच कुणीतरी करतं, दाजी फक्त तो धरायची सोय करतात. एकतीस वर्षांत या माणसानं स्वतः एकही पार्ट केलेला नाही आणि त्याचा त्यांना भलता अभिमान आहे. "पार्ट कुनीबी करंल हो. फिक्स्चर चुकलं तर आख्खा लॉट रिजेक्ट," हे मी किमान शंभर वेळा ऐकलंय.

घरीही तीच तऱ्हा. भाचीच्या, दिव्याच्या लग्नात मांडवाचे खांब तिरके वाटतात म्हणून त्यांनी ओळंबा मागवला. अक्षता पडत होत्या तेव्हा नवरीचे वडील चौथ्या खांबापाशी एक डोळा मिटून उभे होते. फोटोत ते कुठंच नाहीत.

तर अक्काचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, आता जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायचं नाव काढायचं नाही. त्या घरात जेवण पहिल्यापासून जमिनीवर. दाजी पाटावर बसायचे आणि अक्का स्वयंपाकाच्या ओट्यावर ताट ठेवून उभी राहायची. खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन तिनं पाहिलं, तर आमटी साडीवर आली. मग उभ्यानंच. एक पाय दुखला की दुसऱ्यावर भार द्यायचा, तो दुखला की पुन्हा पहिल्यावर. वर दाजी पाटावरून म्हणायचे, "अगं, बस की जरा."

माझं कासारवाडीला चष्म्याचं दुकान आहे. मी एक घडीचं टेबल घेतलं आणि टेम्पोनं कुरुळीला पाठवून दिलं. मला वाटलं, विषय संपला. दाजींनी त्या टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की जागा सरळ, एवढं सांगणारी ती पट्टी. बुडबुडा काही थांबेना. आता त्या घराची फरशीच एका बाजूला उतरती आहे, हे सांडलेलं पाणी कुठं वाहतं ते बघून शेंबडं पोरही सांगेल. पण फरशी दाजींनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली, तेव्हा तिच्यावर संशय घ्यायची सोय नव्हती. त्यांनी टेबलावर लाल खडूनं फुली मारली, कंपनीत नापास मालावर मारतात तशी. चौथ्या दिवशी टेबल मोटरसायकलला बांधून दाजी माझ्या दुकानात हजर.

"पाव्हणं, मनाला लावून घिऊ नका. पर माल पास न्हाई."

"मग अक्कानं जेवायचं कशावर?"

"आपली बांधावरची चिंच तोडली न्हवं रस्त्याच्या कामात? आपलं झाड, आपलंच टेबल. दिवाळीला जेवायला या."

कुठल्या दिवाळीला, ते मी विचारलं नाही. चूक माझीच.

वखारीतून चिंचेची फळी कापून आली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चांगली चार बोटं जाड, कडेला साल तशीच. बघायला सुरेख, पण वरून उंचसखल. ती सपाट केली की खाली पाय ठोकायचे, झालं टेबल. गावातले दत्तोबा सुतार येऊन फळीवर हात फिरवून गेले. म्हणाले, "मी रंधून देतो. पर आत्ता न्हाई. वली हाय अजून. वरीसभर सावलीत पडू द्या." दाजी नुसते हसले. ज्या माणसाकडं केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर नाही त्याचं मत दाजी धरत नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात एका दाढीवाल्या गोऱ्यानं फळीच्या दोन्ही अंगांना दोन सरळ पट्ट्या रुळांसारख्या लावल्या, त्यांवर एक आडवी गाडी ठेवली आणि गाडीत राउटर बसवला. राउटर म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्यानं लाकूड खरवडणारं यंत्र. पातं एकाच उंचीवर, गाडी नुसती सरकवत जायची, उंचवटे आपोआप निघतात. गाडी चार प्लायच्या तुकड्यांची. बाराव्या मिनिटाला त्या गोऱ्याचं टेबल पॉलिश होऊन उभं होतं आणि त्यावर तो कॉफी पीत होता. दाजींनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि निकाल दिला, "ह्याच्या पट्टीत अर्ध्या मिलिमीटरचा झोल हाय." त्यांना टेबल दिसलंच नाही. एकतीस वर्षांनी त्यांना घरच्या घरी फिक्स्चर करायला मिळणार होतं.

स्वयंपाकघरामागच्या पडवीत काम सुरू झालं. पहिली गाडी जुन्या सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची. ती लवते म्हणून दुसरी, बेअरिंगवर चालणारी. मग रूळ ठेवायला पाया हवा म्हणून तिसऱ्या खेपेला लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट जोडून आणली. सहा पाय, प्रत्येक पायाखाली उंची कमीजास्त करायचा स्क्रू, वर फळी ठेवायला इंचभर जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय. मी स्वतः त्यावर बसून पाहिलं, हत्ती बसला तरी हलणार नाही असं काम. "दाजी, मानलं तुम्हाला," असं मी म्हणालोसुद्धा. हे मी लपवत नाही. माझ्यासारख्यांनी वाहवा केली म्हणून तर पुढं चौथी, पाचवी आणि सहावी गाडी झाली.

प्रत्येक गाडीला रेव्हिजन नंबर. प्रत्येक रेव्हिजनचं वहीत एक पान, चित्रासकट. खाली रकाने: तयार केले, तपासले, मंजूर. तिन्ही सह्या दाजींच्या. चौथा रकाना 'ग्राहक स्वीकृती'. ग्राहक अक्का. दाजी वही घेऊन ओट्याशी जायचे आणि ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "टेबल दिसू द्या, मंग करते सही." त्यामुळं तो रकाना प्रत्येक पानावर कोरा.

फळी प्लायवर चढली ती तिसऱ्या रेव्हिजनला. दिवसभर राउटर कोकलत होता, घरभर चिंचेचा भुसा, आमटीतही भुसा. संध्याकाळी दाजींनी डायल गेज, म्हणजे कागदाएवढा उंचसखलपणाही दाखवणारी घड्याळासारखी तबकडी, फिरवून पाहिला आणि मला फोन केला, "पाव्हणं, आरसा झालाय, आरसा." सकाळी पाहतात तर फळीच्या दोन्ही कडा वर आलेल्या, भाजताना पापडाच्या येतात तशा.

आता इथं साध्या माणसाला कळलं असतं की लाकूड हललं. पण दाजींची उभी हयात लोखंडात गेली. लोखंड रात्री जसं ठेवावं तसं सकाळी सापडतं. तेव्हा चूक फळीची असणं शक्यच नव्हतं, चूक फिक्स्चरचीच. ते खोलून चौथी रेव्हिजन. पुन्हा राउटर, पुन्हा आरसा, दोन दिवसांनी पुन्हा पापड. मग पाचवी.

दत्तोबा पुन्हा एकदा येऊन गेले, बिचारे न बोलावता.

"उद्धवराव, आतून वली हाय ती. तुमी एकाच अंगानं खरवडताय, म्हणून उलटतीया. दोन्ही अंगांनी थोडं थोडं घ्या, आन् मधी ऱ्हाऊ द्या चार म्हैने."

"दत्तोबा, तुमच्याकडं डायल गेज हाय?"

"न्हाई."

"मग?"

दत्तोबांनी चहा पिऊन टाकला आणि गेले. चहा अक्कानंच केला होता, उभ्यानं.

तोवर फिक्स्चरची कीर्ती कंपनीत पोचली होती. रविवारी टूलरूमची मंडळी बघायला यायची, पायाखालचे स्क्रू वाकून बघायची, "काय काम केलंय राव!" म्हणायची. एका इंजिनिअरनं व्हिडिओ काढून टाकला, त्याला म्हणे हजारावर लाइक आले. दर रविवारी आठ-दहा कप चहा आणि भजी. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की यातून टेबल कधी निघणार. आणि चार बोटं जाड असलेली फळी आता सव्वा बोटावर आली होती, हेही कुणाच्या नजरेला आलं नाही. फिक्स्चर मात्र सगळ्यांना आवडलं.

दुसरी दिवाळी आली. मी जेवायला गेलो. दाजी आणि मी पाटावर, अक्का ओट्याशी. करंजी वाढायला वाकता येईना म्हणून तिनं डबाच माझ्या हातात दिला. माझं डोकं फिरलं. बहिणीच्या नवऱ्याला उलटून बोलायची आमच्यात रीत नाही, तरी बोललो.

"दाजी, माझी बहीण मेल्यावर करणार का टेबल?"

दाजींनी शांतपणे भात कालवला. "पाव्हणं, घाईचं काम समदं रिजेक्टच व्हतं. सहावी रेव्हिजन चाललीया. ही शेवटची."

मी हात धुतला आणि उठलो. पुढं तीन महिने कुरुळीचं तोंड पाहिलं नाही. अक्काशी फोनवर बोलायचो, पण टेबलाचा विषय ती काढायची नाही आणि मला काढवायचा नाही.

माघात एका मंगळवारी, माझं दुकान बंद असतं तेव्हा, गुडघ्याला लावायचं तेल घेऊन गेलो. दार उघडंच. स्वयंपाकघरात अक्का नाही. ओट्याशी ती नाही, असं दोन वर्षांत झालं नव्हतं. हाक मारली तर पडवीतून आवाज आला, "ये, इकडं हाय मी."

अक्का बसली होती. प्लास्टिकच्या खुर्चीत, पाठ टेकून, पाय पुढं सोडून. समोर दाजींचं फिक्स्चर. राउटर आणि त्याची गाडी काढून कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेली, प्लायवर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर तिचं ताट, तांब्या, लोणच्याची बरणी. चिंचेची फळी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेली होती. तिथंही ती डुगडुगत होती.

"काल ओट्याशी पाय सुटला," ती म्हणाली. "ताट पडलं, मी बी पडले. हे कामावर व्हते. उठायला अर्धा तास लागला मला. म्हटलं आता पुरं झालं. आज शेजारच्या पोरास्नी बोलावून समदं हलवून घेतलं. बस, दुसरी खुर्ची घे."

मी बसलो. तिनं बसल्या बसल्या मला वाढलं, कोपरं टेकून, घाई न करता. माझी बहीण अशी बसून जेवताना दोन वर्षांनी पाहिली मी. मी आपला खाली बघून जेवत राहिलो. आमटीच्या वाटीतली आमटी अगदी काठाला समांतर होती. हलत नव्हती, कलंडत नव्हती.

चारच्या सुमाराला दाजी पहिल्या शिफ्टवरून आले. पडवीच्या दारातच थबकले. आधी त्यांनी राउटरकडं पाहिलं, मग पिंपाकडं, मग आमच्याकडं.

"अगं, हे फिक्स्चर हाय! टेबल न्हाई हे!"

"मला उभं ऱ्हावं लागत न्हाई," अक्का म्हणाली. "मंग टेबलच की."

दाजींनी डबा खाली ठेवला. आणि काय करावं या माणसानं, खिशातून छोटी स्पिरिट लेव्हल काढली आणि अक्काच्या ताटाशेजारी ठेवली. बुडबुडा जाऊन बरोबर मधोमध थांबला. त्यांनी ती उचलून माझ्या बाजूला ठेवली. तिथंही मधोमध. चारही कोपरे झाले. मग ते ती पट्टी हातात धरून नुसतेच उभे राहिले.

"वही आना ती," अक्का म्हणाली. "सही करते. पास झालं."

अक्कानं घास संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि दाजींकडं पाहिलं. आवाज चढवला नाही तिनं.

"तिसरी रेव्हिजन झाली तवाच टेबल तयार व्हतं. दीड वरीस माझ्या ओट्यामागं उभं व्हतं. मला सांगितलं न्हाई तुमी."

दाजींनी इकडंतिकडं खुर्ची शोधली. घरात खुर्च्या दोनच, एकीत अक्का, एकीत मी. जमिनीवर पाट मांडावा तर पडवीभर भुसा. मी उठायला लागलो, तर अक्कानं डोळ्यांनीच मला बसवलं.

"भाकरी वट्यावर हाय," ती दाजींना म्हणाली. "घ्या हातानं."

दाजी आत गेले. झाकण काढल्याचा आवाज आला, मग पळीचा. पडवीतून ओटा दिसतो. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं, एका पायावरून दुसऱ्यावर भार घेतला आणि पहिला घास मोडला.

मला पोटात जागा नव्हती. तरी मी अक्काकडं आणखी एक भाकरी मागितली आणि बसून, सावकाश खाल्ली.