अनुसयाबाईंची कणगी

अनुसयाबाई कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी विचारायच्या, "किती दिवस ठेवायची?" जुनी वर्तमानपत्रं असोत, परीक्षेचे उरलेले कागद असोत, नाहीतर माझ्या डब्यातला उरलेला लाडू. वाटूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. माहेर हसनाबादचं, शेतकरी घर. चाळिशी उलटल्यावर मोबाइलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकल्या. मी मराठीचा शिक्षक. माउसचं कुठलं बटण दाबायचं तेही मी मुलांना विचारायचो.

मुलांचे प्रवेश अर्ज भरताना आमचं नेट हमखास दगा द्यायचं आणि तासाभराचं टायपिंग पाण्यात जायचं. बाईंनी त्यावर ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन स्वतः लिहिलं. ते चालतं कसं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सोपं हाय, सर. घरात रोजचा डबा आस्तो आन् धान्याची कणगी आस्ती. अर्जात निवडायच्या गावांची यादी डब्यात. सांडली तर परत आणता येती. लेकरानं भरलेला अर्ज कणगीत. त्याला धक्का लागू द्यायचा न्हाई." डब्यातली यादी त्या रोज सकाळी ताजी करून घ्यायच्या. शिळ्या यादीवर त्यांचा बिलकुल भरवसा नव्हता.

नर्सिंगच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. सारिका नावाची मुलगी दोन तास खपून अर्ज भरत होती. साइट सहाला बंद होणार होती आणि साडेपाचला अर्जाचं पान अडकून बसलं. बाई दुसऱ्या खोलीत होत्या. मला कुणीतरी कधीतरी सांगितलेला उपाय आठवला आणि मी मोठ्या ऐटीत ब्राउझरची सगळी साफसफाई करून टाकली. पानावर एक अक्षर उरलं नाही. सारिका रडायला लागली, मी बाईंना हाक मारली.

बाई धावत आल्या. "काय करून राह्यले, सर?" मग सारिकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको, बाई. डबा सांडला. कणगी जाग्यावर हाय." सारिकाला पुन्हा लॉगिन करायला लावलं, एक बटण दाबलं आणि तिचं नाव, गाव, गुण एकेक करून रकान्यांत येऊन बसले. सहाला दहा कमी असताना अर्ज गेला. पावती हातात पडल्यावर पोरगी हसली.

"हा अर्ज कणगीत राहू द्या, पुढे लागेल," मी म्हणालो.

"कशाला? तिचं काम झालं. मंग तिचा नंबर, तिचं घरदार आपल्या मशीनमधी कशापायी?" असं म्हणून त्यांनी सारिकाच्याच हातून सगळं पुसायला लावलं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांचं एक्स्टेन्शन आम्ही आजही वापरतो आणि अर्ज गेला की तो पुसायचा त्यांचा नियमही पाळतो. कुणी पाहुणे आले की मी ते कौतुकानं उघडून दाखवतो. साठवलेल्या अर्जांची यादी कोरी असते. पाहुणे विचारतात, "यात तर काहीच नाही?" आणि माझी छाती अभिमानानं फुगते. मी सांगतो, "सगळ्यांचे अर्ज गेले."