सुमेधचं उत्तर आणि प्रज्ञाचं

३ मे. गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात आणि मी कावळे हाकलत बसलेय. दुसरं काम नाही, म्हणून लिहिते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. माझ्या तरी कुठं राहिलं?

मागं मी एका कंपनीसाठी सर्वे करायची. नोकरीतल्या तरुण पोरापोरींची मतं विचारायची. त्यावरून म्हणे पुढचा काळ कळतो. मला कळायचं ते एवढंच — कोण लग्नाचं आहे. खोटं कशाला बोलू? ‘दहा वर्षांनी कुठं असाल?’ हा कंपनीचा प्रश्न. ‘स्वयंपाक येतो का?’ हा माझ्या पदरचा.

इथंच लातुरात सुमेध भेटला. सरकारी इंजिनियर. हदगावच्या माझ्या आक्काच्या पोरीसाठी, प्रज्ञासाठी, त्याचंच स्थळ आलेलं, पण मी तिची मावशी हे त्याला ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात हॉलसुद्धा ठरवला. तेवढ्यात तो म्हणाला, "काकू, नाव कुठं येणार न्हाई ना?"

न्हाई रे बाबा, म्हटलं.

"मग लिहा. नोकरी सोडून देवणीला गायी पाळणार हाय. घरी अजून बोललो न्हाई."

संध्याकाळी मी आक्काला फोन लावला. सगळं सांगून मोकळी. आक्का म्हणाली, "बरं झालं बाई. पोरगी काय शेण काढायला बँकेत लागली का?" प्रज्ञाला आम्ही सांगितलं, पोरगा उंचीला कमी पडतो. पोरगा चांगला ताडमाड होता.

हे निम्मंच झालं. उरलेलं — ते सांगताना जीभ का अडते? त्याआधीच नांदेडला मी प्रज्ञाचाही सर्वे केला होता, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत. ती म्हणाली होती, "एसीत जीव घुसमटतो. गावाकडं दुधाचा धंदा करायचाय. पण तसा नवरा कुठून आणू, मावशी? आईला बोलू नकोस."

तिचं गुपित मी राखलं. त्याचं फोडलं. दोघांची उत्तरं फक्त मला माहीत होती. दोघांचं जुळवून दिलं आणि गायींचा धंदा बुडाला असता तर आक्कानं जन्मभर मला बोल लावला असता — भ्याले, दुसरं काही नाही.

सुमेधनं देवणीला गायी घेतल्या म्हणे. त्याचं लग्न झालं का, हे विचारायची हिंमत झाली नाही. प्रज्ञाला आता पुण्याचं स्थळ आलंय, कंपनीतला मुलगा. आक्का साखरपुड्याची घाई करून राहिली.

४ मे. सकाळी पहिल्या गाडीनं नांदेडला गेले. प्रज्ञा बँकेत निघाली होती. दारातच तिला सगळं सांगितलं. उंचीचंसुद्धा. ती बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिली. मग म्हणाली, "पुढचं कळावं म्हणूनच विचारत फिरायचीस ना? कळलं होतं की तुला."

मी पाणी न पिताच स्टँडवर आले. लातूरला उतरले, पण घरी गेले नाही. देवणीची गाडी लागली होती, तीत जाऊन बसले.