चुलीतली राख आणि दोन माड

माझ्या धाकट्या जावेचा माड मला बघवत नाही. हे कबूल करायला आता लाजही वाटत नाही.

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत सासूबाईंनी एकाच माडाचे दोन नारळ रुजवले, एक रोप मला दिलं, एक तिला. मधे फक्त शेवग्याची रांग. विहीर एक, पंप एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. तरी यंदा पाऊस लांबला, विहीर तळाला गेली, तेव्हा माझ्या माडाच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबल्या आणि तिचा आपला हिरवागार! मुलगा म्हणाला, "आई, हा तोडू. गाडी लावायला जागा होईल." जीव तीळ तीळ तुटला. पाऊस होईपर्यंत तरी थांब, म्हटलं.

ती पाणी चोरते याची मला खात्रीच होती. आठवडाभर तिच्या पाळीला मी घड्याळ घेऊन ओट्यावर बसले. एक मिनिट जास्त नाही. उलट दोनदा तिनेच पंप लवकर बंद केला. त्याचा मला जास्त राग आला.

मग ती बाजारात गेलेली बघून तिच्या आळ्यातली माती उचलली आणि माझ्या मातीबरोबर तपासायला पाठवली. माझ्या मातीत नत्र भरपूर, कारण मी हौसेने युरिया घालायचे. पालाश मात्र नावाला. तो कमी पडला की पानांना पाणी धरून ठेवता येत नाही, असं मुलाने समजावलं. तिच्याकडे पालाश हवा तेवढा.

"कुठून आणते ही?"

"राखेत असतो, आई."

राख तर माझ्याच चुलीतली. तिच्याकडे गीझर आला तेव्हा मला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. आंघोळीच्या पाण्याची चूल उरली ती माझीच. तेव्हापासून दर शनिवारी ती घमेलं घेऊन येते, "वहिनी, राख नेऊ?" म्हणते. बिनपगारी चूल साफ करून मिळते, असं मी माहेरी हसून सांगितलंय.

त्या शनिवारी मी पहाटेच सगळी राख माझ्या आळ्यात पसरली आणि तिचं तोंड बघायला दारात उभी राहिले. ती आली, पण घमेलं भरलेलं. "तुमचा माड सुकला ना वहिनी, म्हनून साठवलेली होती ती आनली," म्हणाली आणि उकिडवी बसून हाताने पसरू लागली. खाली ताजी राख दिसत होती. ती बघूनही ती वर आपली राख पसरत राहिली.

एक वेळ तिचा माड बघवेल. तिच्याकडे मला बघवेना.