म्हाताऱ्याचं मोठं घर

सिंगापुरात बिशान भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, रोज सकाळी तो माझ्यासमोर बसायचा. पोलंडचा, पंचविशीतला. नाव मी कधी विचारलं नाही. माझं पाहून तोही कॉफी बशीत ओतून प्यायला शिकला होता.

बोलणं मात्र सगळं अमेरिकेचं. त्याच्या आजोबांचा भाऊ तरुणपणी तिकडे गेलेला. त्याच्या फोनवरच्या गप्पा ऐकत हा वाढला होता. मोठं घर, रुंद रस्ते, हवं ते काम. सिंगापूरची नोकरी म्हणजे त्याच्या लेखी वाटेतला थांबा.

मग सुट्टीत तो तिकडे जाऊन आला आणि अमेरिकेचं नावच काढेनासा झाला.

"काय रे, आवडली नाही का अमेरिका?" मी विचारलं.

"म्हातारा एका खोलीत एकटा राहतो," तो म्हणाला. "आम्हाला काळजी नको म्हणून मोठं घर सांगायचा. मी निघालो तर हातच सोडेना."

पुढच्या वर्षी त्याने म्हाताऱ्याच्याच शहरात नोकरी मिळवली. निरोप घ्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "शेवटी मनासारखं झालं म्हणायचं."

"तसं नाही," तो हळूच हसला. "त्याच्याशी आमच्या भाषेत बोलायला तिथे कोणीच नाही. म्हणून जातोय."